कमांड लाइनवरून पक्का आयपी देताना

नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या लहान वर्कशॉपमध्ये बरेचदा एखादा पीसी लिनक्सवर चालतो, आणि प्रिंटर-फाइल शेअरिंगसाठी त्याला पक्का आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता, हवा असतो. आधी टर्मिनलमध्ये 'आयपी ए' (ip a) द्या, म्हणजे नेटवर्क कार्डाचं नाव कळेल. कमांड टाईप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं.

'आयपी ॲडर ॲड' (ip addr add) वापरलं की पत्ता लगेच बसतो, पण मशीन बंद झालं की तो पुसला जातो. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे ते फक्त तपासणीपुरतं. कायमचं काम नेटवर्कमॅनेजरच्या 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' (nmcli connection modify) या कमांडनेच करा. पत्ता, गेटवे (म्हणजे राउटरचा पत्ता), डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारा सर्व्हर) आणि 'मॅन्युअल' मेथड हे सगळं एकाच कमांडमध्ये द्या. पत्त्याआधी नुसती मेथड बदलायला गेलात तर एरर येते. पत्त्यामागचं '/२४' मात्र अजिबात विसरू नका, आपलं नेटवर्क केवढं आहे ते त्यावरून ठरतं. १९२.१६८.१.५० एवढंच लिहिलं तर ते '/३२', म्हणजे फक्त तो एकच पत्ता, धरलं जातं आणि शेजारचा प्रिंटरसुद्धा सापडेलच असं नाही. पत्ता राउटरच्या डीएचसीपी रेंजच्या (राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या) बाहेरचा निवडा, नाहीतर उद्या तोच कुणाच्या तरी मोबाइलला मिळेल. मग 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' द्या, म्हणजे बदल लागू होतील.

शेवटी पिंग कमांडने उत्तर येतंय का बघा: आधी गेटवेला, मग गूगलच्या ८.८.८.८ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकडा उत्तर देतोय पण नाव सापडत नाही, तर केबल हलवत बसू नका, डीएनएस तपासा.