परदेशातील पहिली क्रॉस-कंट्री पॅराग्लायडिंग स्पर्धा : क्रुशेव्होला जाण्यापूर्वी आणि तेथे पोहोचल्यावर

जुलै महिन्यात सह्याद्रीवर ढग उतरलेले असतात, कामशेतच्या टेकड्यांवरची उड्डाणे थांबलेली असतात आणि हिमाचल सरकारच्या पावसाळी बंदीमुळे १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात बीर-बिलिंगलाही उडता येत नाही. नेमका तोच काळ युरोपातील क्रॉस-कंट्री, म्हणजे ठरवून दिलेल्या लांबच्या मार्गाने उडण्याच्या, स्पर्धांचा ऐन हंगाम असतो. त्यामुळे महाराष्ट्रातून जाणारा पायलट बहुतेक वेळा दीड-दोन महिने ग्लायडरला हात न लावता थेट स्पर्धेच्या टेक-ऑफवर उभा राहतो, आणि पहिल्या दिवशी जे बिघडते त्यातील बरेचसे या खंडामुळेच बिघडते. हे टाळण्यासाठी काय करावे, हे उत्तर मॅसेडोनियातील क्रुशेव्हो या गावाचे उदाहरण घेऊन येथे लिहीत आहे. २०१९ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच गावात झाली होती. मात्र नवख्यालाही झेपतील अशा खुल्या स्पर्धा तेथे उन्हाळ्यात होत असतात. टेक-ऑफ डोंगरावर आणि समोर पेलागोनियाचे विस्तीर्ण सपाट खोरे अशी रचना असल्यामुळे उतरायला जागा भरपूर मिळते. पहिल्या स्पर्धेसाठी मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

स्पर्धा निवडताना ती एफएआय या हवाई क्रीडांच्या जागतिक संघटनेच्या दुसऱ्या श्रेणीची आहे ना आणि तीत स्पोर्ट्स क्लासची, म्हणजे तुलनेने साध्या ग्लायडरांची, स्वतंत्र क्रमवारी आहे ना, हे पाहावे. पहिली श्रेणी म्हणजे जागतिक आणि खंडीय अजिंक्यपद स्पर्धा. तेथे देशाच्या संघातूनच जाता येते. वर्ल्ड कपसाठी आधीची कामगिरी लागते. दुसऱ्या श्रेणीसाठी मात्र एफएआयचा चालू वर्षाचा क्रीडा परवाना आणि बहुधा आयपीपीआय या पायलटची पातळी दाखवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्डावरील चौथी किंवा पाचवी पातळी एवढे पुरते. भारतात एफएआयशी संलग्न संस्था एरो क्लब ऑफ इंडिया ही आहे, तर आयपीपीआय कार्डाची विचारणा आपल्या प्रशिक्षकाकडे करावी. ही दोन्ही कागदपत्रे नावनोंदणी सुरू होण्याच्या आधीच हातात असावीत, कारण चांगल्या स्पर्धांच्या जागा लवकर भरतात आणि ‘कागद येतो आहे’ या उत्तरावर आयोजक जागा राखून ठेवत नाहीत.

विम्याच्या बाबतीत आपल्याकडे फार ढिलाई दिसते. परदेश प्रवासाच्या नेहमीच्या पॉलिसीत हवाई क्रीडा, आणि विशेषतः स्पर्धा, बहुधा वगळलेल्या असतात. ते कलम बारीक अक्षरात असले तरी असते. आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात : उडताना दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई, स्वतःच्या उपचारांचा खर्च आणि डोंगरातून सुटका करून मायदेशी आणण्याची सोय. विमा कंपनीला ‘पॅराग्लायडिंग स्पर्धा’ हे शब्द लिहून लेखी उत्तर मागवावे आणि त्या पत्राची प्रत सामानात ठेवावी.

व्हिसाचा विचार विमानाच्या तिकिटाआधी करावा. उत्तर मॅसेडोनिया शेंगेन क्षेत्रात नाही. ग्रीसमधील थेसालोनिकीला उतरून रस्त्याने सीमा ओलांडायची असेल आणि त्याच वाटेने परतायचे असेल, तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन गेलेला माणूस स्पर्धा संपल्यावर ग्रीसच्या सीमेवर अडकून राहतो. इस्तंबूलमार्गे राजधानी स्कोप्येला जाणे मला अधिक सुटसुटीत वाटते. उत्तर मॅसेडोनियाचा दूतावास नवी दिल्लीत आहे, नियम तेथूनच विचारून घ्यावेत आणि अर्जासोबत आयोजकांचे निमंत्रणपत्र जोडावे.

सामान बांधताना ग्लायडर, बसण्याचा हार्नेस आणि रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीचे पॅराशूट, मिळून वीस किलोच्या आसपास जाते. म्हणजे कपड्यांसाठी फारसे वजन उरत नाही. हेल्मेट, उंची आणि मार्ग दाखवणारा व्हेरिओ आणि उडण्याचे बूट हातातल्या बॅगेत घ्यावेत. चुकून सामान मागे राहिले, तरी ग्लायडर उसना मिळू शकतो. आपल्या पायाचे बूट मिळत नाहीत. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातच ठेवावी लागते. वीस हजार एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते आणि शंभरच्या मर्यादेत बसते. ग्लायडर नवा आणि महागडा असेल, तर निघताना विमानतळावरील कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना तो परदेशात विकत घेतल्याचे समजून शुल्क मागितले जात नाही. यासाठी विमानतळावर एक तास लवकर जावे आणि सामान चेक-इन करण्यापूर्वी ते अधिकाऱ्याला दाखवावे.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. परदेशी पायलट इनरीचसारखे उपग्रह संदेशयंत्र सर्रास बाळगतात आणि काही स्पर्धांत त्याची शिफारसही असते, पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे यंत्र जवळ बाळगणे हा गुन्हा आहे आणि आपल्या विमानतळांवर त्यावरून परदेशी पाहुण्यांना अटकही झालेली आहे. ते येथून नेऊ नये, तेथे विकत घेऊन आणूही नये. बहुतेक स्पर्धांत आयोजक स्वतःच लाइव्ह ट्रॅकर देतात; तो आणि स्थानिक सिमकार्ड असलेला फोन एवढ्यावर भागते.

स्पर्धेसाठी खास वरच्या वर्गाचा ग्लायडर घेण्याचा मोह अनेकांना होतो. माझे मत याच्या पूर्ण विरुद्ध आहे. ज्या ग्लायडरवर गेल्या हंगामात तुम्ही पन्नास तास काढले आहेत आणि जो कोलॅप्स झाल्यावर, म्हणजे हवेत मिटल्यावर, कसा वागतो हे तुमच्या हातांना माहीत आहे, तोच न्यावा. मग तो ईएन-बी या सौम्य वर्गाचा असला तरी चालेल. शंभराहून अधिक ग्लायडर एकाच आकाशात फिरत असताना आपल्या ग्लायडरकडे लक्ष द्यावे लागणे परवडत नाही. रिझर्व्ह मात्र जाण्यापूर्वी अनुभवी माणसाकडून नव्याने पॅक करून घ्यावे आणि हार्नेसमध्ये बसून, टांगलेल्या अवस्थेत, ते एकदा स्वतः ओढून पाहावे.

स्पर्धेच्या किमान चार दिवस आधी पोहोचावे. पेलागोनियाचे खोरे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि उन्हाळ्यात तेथे ढगांचा तळ तीन हजार मीटरपर्यंत सहज जातो. थर्मलमधील, म्हणजे तापून वर चढणाऱ्या प्रवाहातील, हवा वर जाताना दर हजार मीटरला सुमारे दहा अंशांनी थंड होते. म्हणजे खाली ३५ अंशांत घामाघूम झालेला पायलट वर दहा-अकरा अंशांत आणि वाऱ्यात तासन्‌तास बसतो. कामशेतला टी-शर्टवर उडणाऱ्यांना याचा अंदाज येत नाही. हातमोजे, वारा अडवणारे जाकीट आणि हार्नेसमध्ये पाण्याची नळी यांची सवय या चार दिवसांत करून घ्यावी. मानेभोवती लोकरी पट्टी कशाला, असे टेक-ऑफवर वाटते खरे, पण ती घ्यावी.

आता टास्कविषयी, म्हणजे त्या दिवशी उडायच्या मार्गाविषयी. सकाळी टेक-ऑफवर फळ्यावर टास्क लिहिला जातो : स्टार्ट सिलिंडर (सिलिंडर म्हणजे एखाद्या बिंदूभोवती ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ) आणि तो उघडण्याची वेळ, मग ओळीने टर्नपॉइंट आणि प्रत्येकाची त्रिज्या, त्यानंतर वेगाच्या टप्प्याचा शेवट, म्हणजे ईएसएस, आणि शेवटी गोल. टर्नपॉइंटच्या मध्यबिंदूवर जायचे नसते, सिलिंडरची कड शिवली तरी पुरते. त्यामुळे व्हेरिओ जो सर्वांत छोटा मार्ग दाखवतो तो मध्यबिंदूंना जोडणाऱ्या रेषेपेक्षा कमी असतो. फळ्याचा फोटो काढावा, क्यूआर कोड असल्यास तो एक्ससीट्रॅक या ॲपमध्ये स्कॅन करावा आणि मग शेजारच्या पायलटला त्याच्या यंत्रावरचे एकूण अंतर विचारावे. त्याच्याकडे ७२.४ आणि तुमच्याकडे ७४.१ असेल, तर कुठेतरी त्रिज्या चुकलेली आहे. हा आकडा जुळल्याशिवाय हार्नेसचे बकल लावू नये.

वेळेची गोष्ट मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. मॅसेडोनियाची उन्हाळी वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. फोनने स्वतःचे घड्याळ आपोआप बदलून घेतले होते, पण व्हेरिओ अजून भारतीय वेळेवरच होता. स्टार्ट दुपारी दीडला होता आणि माझ्या यंत्राच्या मते तो केव्हाच उघडलेला होता. सिलिंडरच्या कडेला पोहोचताच व्हेरिओने आनंदाने ‘बीप’ करून पहिल्या टर्नपॉइंटचा बाण दाखवला आणि मी वेग वाढवणारा स्पीड बार दाबून निघालो. तीन किलोमीटर गेल्यावर, माझ्या मागे एकही ग्लायडर नाही, हे लक्षात आले. वाऱ्याच्या विरुद्ध परत येऊन पुन्हा उंची घेईपर्यंत सगळे निघून गेले होते. पोहोचल्या दिवशी संध्याकाळीच यंत्रातील यूटीसी फरक +५:३० वरून +२ करून ठेवावा.

स्टार्टपूर्वीचा अर्धा तास सर्वांत दाटीचा असतो. ज्या थर्मलमध्ये आधी कोणी फिरत आहे, त्यात त्याच दिशेने फिरायचे आणि बाहेरून आत शिरताना आतल्यांना वळणे मोडायला लावायचे नाही, हा नियम सगळीकडे आहे. स्टार्टच्या परिसरात डावीकडे की उजवीकडे फिरायचे हे अनेकदा दिवसागणिक ठरवून दिलेले असते, ते ब्रीफिंगमध्ये नीट ऐकावे. गॅगलमध्ये, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या ग्लायडरांच्या घोळक्यात, आपल्या वर आणि खाली कोण आहे हे दर वळणाला पाहावे. ढगात शिरणे आणि निषिद्ध हवाई हद्दीत जाणे यांना दंड आहे. यंत्राने नोंदवलेल्या ट्रॅकमध्ये ते लपत नाही.

एकदा स्टार्ट झाला की नवख्याने पुढच्या चार-पाच जणांचा पाठलाग करू नये. ते ज्या उंचीवरून निघतात तेथून निघणे आपल्या ग्लाइडला, म्हणजे सरळ तरंगत पुढे जाण्याला, परवडत नाही. मधल्या गॅगलबरोबर राहावे, त्यांनी थर्मल सोडण्याआधी एखादे वळण जास्त घ्यावे आणि ते पुढे हवेत कोठे उचलले जातात, कोठे खाली जातात, हे पाहत त्यांच्या किंचित वर राहून जावे. सपाट खोऱ्यात डोंगराच्या धारा नसतात, त्यामुळे थर्मल दाखवणारे खरे खुणेचे दगड म्हणजे पुढचे ग्लायडर. दिवसाच्या विजेत्याला जास्तीत जास्त हजार गुण मिळतात आणि ते अंतर, वेळ आणि आघाडीवर राहणे यांत विभागलेले असतात. मात्र पॅराग्लायडिंगमध्ये ईएसएस पार करून गोलच्या अलीकडे उतरल्यास वेळेचे गुण सहसा हातचे जातात. म्हणून शेवटच्या ग्लाइडला हिशेबापेक्षा दीड-दोनशे मीटर अधिक उंची घेऊनच निघावे.

रेडिओवर परिस्थितीची पातळी विचारली जाते : एक म्हणजे सुरक्षित, दोन म्हणजे हवा बिघडत आहे, तीन म्हणजे टास्क थांबवावा. नवख्याने संकोच न करता खरे सांगावे. कोणी रिझर्व्ह टाकलेला दिसला, तर वर थांबून जागा कळवावी; अडलेल्या पायलटला मदत करण्यात गेलेल्या वेळेची भरपाई स्पर्धा संचालक देऊ शकतो.

गोलच्या आधी उतरलात, तर उभे पीक टाळावे. प्रिलेप शहराच्या बाजूला तंबाखूची शेती मोठी आहे आणि शेतकऱ्याच्या एका हंगामाच्या कष्टांवर उतरलेला ग्लायडर कोणालाच आवडत नाही. उतरताच ग्लायडर गोळा करावा. पसरलेला ग्लायडर म्हणजे मदत हवी, असा वरच्यांचा समज होतो. लगेच ठरलेल्या ॲपवर किंवा संदेशाने ‘सुरक्षित’ कळवावे; हे विसरलेल्या पायलटला शोधण्यात रात्र जाते आणि अनेक स्पर्धांत त्यासाठी दंड आहे. आणीबाणीत ११२ हा क्रमांक तेथेही चालतो. मग रस्त्याच्या कडेला सावली बघून रिट्रीव्हच्या, म्हणजे पायलटांना परत नेणाऱ्या, गाडीची वाट पाहावी. बहुधा शेतातून कोणीतरी पाणी किंवा रकिया या तिथल्या दारूची बाटली घेऊन येतेच. रकिया तीव्र असते, उपाशीपोटी घेऊ नये. ‘ब्लागोदाराम’ म्हणजे धन्यवाद, एवढे मात्र पाठ असावे. शाकाहारी पायलटांनी संध्याकाळी गावात परतल्यावर तावचे ग्रावचे मागावे. मातीच्या भांड्यात भाजलेल्या पांढऱ्या घेवड्याची ही उसळ पावाबरोबर चांगली लागते, आणि रात्री निकालाची यादी लागेपर्यंत तिच्यावर आरामात निभावते.