आकाशकंदिलातून गणित: तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीतील प्रकल्प

दिवाळीत मुलांकडून आकाशकंदील करून घेण्याची पद्धत घरोघरी आणि शाळाशाळांतून आहे. परंतु बहुतेक वेळा मोजमापे मोठ्यांनी आधीच घेतलेली असतात आणि मुलांच्या वाट्याला केवळ चिकटवाचिकटवी येते. त्यामुळे कंदील होतो, गणित मात्र होत नाही. म्हणून या प्रकल्पात एकच नियम कसोशीने पाळावा: काय आणि किती लागणार, हे मुलांनी वहीत मांडल्याशिवाय कात्री हातात द्यायची नाही. बाजारात मिळणारे छापील, कापायला तयार साचेही आणू नयेत, कारण सगळा विचार त्या साच्यातच उरकलेला असतो.

येथे बांबूच्या कामट्यांचा पारंपरिक कंदील घेतला आहे. त्याचा सांगाडा सारख्या मापाच्या सहा चौरसांचा असतो. चार चौरस कोपऱ्यावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा बांधत त्यांचे कडे करायचे आणि त्यांच्या वरच्या टोकांना एक व खालच्या टोकांना एक असे दोन आडवे चौरस बांधायचे. असे केल्यावर चौरसांच्या मधल्या जागेत आठ समभुज त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कोठून आले, हे मुलांना आधी सांगू नये. सांगाडा हातात फिरवून त्यांनाच मोजू द्यावे. गाठींचा प्रश्नही असाच आहे. सहा चौरसांचे कोपरे 24, तर गाठी किती? बहुतेक मुले 24 म्हणतात. प्रत्येक गाठीत दोन चौरसांचे कोपरे एकत्र येतात, हे दिसल्यावर उत्तर 12 येते, आणि भागाकार येथे कशासाठी केला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर कामट्यांचा हिशेब करावा. बाजू 20 सेंमी ठेवली तर 24 तुकड्यांना 480 सेंमी, म्हणजे 4.8 मीटर कामटी लागते. कामट्या प्रत्येकी 1 मीटर लांबीच्या असतील, तर एकीचे 5 तुकडे होतात. म्हणून 5 कामट्या आणाव्या लागतात आणि 1 तुकडा उरतो. आता बाजू 30 सेंमी करून पाहायला सांगावे. एका कामटीचे 3 तुकडे होऊन 10 सेंमी वाया जातात आणि 8 कामट्या लागतात. 25 सेंमीला मात्र 6 कामट्या पुरतात आणि काहीच उरत नाही. वर्गात 20 सेंमी बाजूचा कंदील करणारे सहा गट असतील, तर प्रत्येक गटाने स्वतंत्रपणे आणलेल्या कामट्या 30 होतात, पण सर्वांनी मिळून आणल्यास 144 तुकड्यांना 29 पुरतात. ही एक कामटी कशी वाचली, यावर वर्गात चांगला वाद होऊ द्यावा. कामट्या चिरण्याचे व कापण्याचे काम मोठ्यांनीच करावे, कारण बांबूची कुसळे हातात शिरतात.

चार सारख्या तुकड्यांचा चौकोन बांधला की तो चौरसच झाला, अशी मुलांची समजूत असते. तो हलकेच दाबायला सांगावे. त्याचा लगेच शंकरपाळा होतो, बाजू मात्र तितक्याच राहतात. मग दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजावेत. ते सारखे, म्हणजे 28 सेंमीपेक्षा किंचित जास्त, आले की चौकोन चौरस झाला. त्रिकोण दाबून तसा हलत नाही, हेही येथेच ताडून पाहता येते. वरच्या आणि खालच्या चौरसांत कर्णांच्या मापाचे दोन दोरे फुलीसारखे ताणून बांधल्यास सांगाडा बराच स्थिर राहतो आणि वरच्या फुलीला दिवा टांगता येतो. उभ्या चौरसांचा कर्ण हीच कंदिलाची उंची असल्यामुळे तीही मुलांना न मोजता सांगता येते.

सर्वांत जास्त वेळ कागदासाठी राखून ठेवावा. वरचा आणि खालचा चौरस मोकळा राहत असल्याने 4 चौरस आणि 8 त्रिकोण झाकायचे असतात. चिकटवण्यासाठी चहूबाजूंनी 1 सेंमी पट्टी सोडली की कागदाचा चौरस 22 सेंमीचा होतो. समजा, पतंगी कागदाचा ताव 50 सेंमी रुंद आणि 75 सेंमी लांब आहे. क्षेत्रफळांचा भागाकार केला तर 3750 भागिले 484, म्हणजे 7 चौरस बसायला हवेत. प्रत्यक्षात रुंदीत 2 आणि लांबीत 3 असे 6 च बसतात. हा फरक मुलांना तावावर पेन्सिलीने आखून पाहू द्यावा. त्रिकोणांची गंमत याहून अधिक आहे. पट्टी धरून त्रिकोणाची बाजू सुमारे 24 सेंमी आणि उंची 21 सेंमीपेक्षा थोडी कमी होते. सगळे त्रिकोण एकाच दिशेला तोंड करून आखले, तर तावावर 6 बसतात आणि दुसरा ताव फाडावा लागतो. एक सुलटा, एक उलटा असे आखले, तर दोन ओळींत 10 बसतात.

चौरसांच्या तावातून चारच चौरस एका कोपऱ्यात कापले, तर 31 सेंमी रुंद आणि 50 सेंमी लांब तुकडा उरतो. त्यातून अडीच सेंमी रुंदीच्या 12 झिरमिळ्या निघतात, म्हणजे खालच्या चौरसाच्या प्रत्येक बाजूला 3. खळ लावण्यापूर्वी चौरसांवर नक्षी हवी असल्यास वेगळ्या रंगाच्या कागदाची तीनदा घडी घालून कातरकाम करावे. तीन घड्यांनी आठ थर होतात आणि घडीच्या कडेवर कापलेला अर्धा आकार उघडल्यावर पूर्ण होतो. आत कमी वॅटचा एलईडी दिवा, कागदाला न टेकेल असा, मोठ्यांनी बसवावा.

पहिला कंदील टांगून झाला की 10 सेंमी बाजूच्या छोट्या कंदिलाचा अंदाज वहीत लिहायला सांगावा. कामटी निम्मी लागते, तसा कागदही निम्माच लागेल, असे बरीच मुले लिहितात. 10 सेंमीचे चार चौरस 20 सेंमीच्या चौरसावर ठेवायला सांगावेत आणि मग त्रिकोणही तसेच रचायला सांगावेत. मोठ्या त्रिकोणात चार छोटे बसतात, पण मधला उलटा ठेवावा लागतो. चिकटवण्याची पट्टी मात्र 1 सेंमीच राहत असल्याने प्रत्यक्ष कागद पाव हिश्शाहून किती जास्त लागतो, हे पाचवीच्या मुलांना काढता येते: 121 ऐवजी 144 चौरस सेंमी.