तूर फुलात आहे, मादी माशी ओळखायला शिका

कार्तिक सरत आला की मराठवाड्या-विदर्भातली तूर पिवळी होते. बीडीएन ७११ हा वाण आधी फुलतो, बीएसएमआर ७३६ त्याच्यामागून. शेंगा पोखरणाऱ्या अळीचे दिवस हेच, म्हणजे पाठीवर पंप घेण्याचे; आणि माश्यांचेही हेच. सकाळी दहाच्या सुमारास धुऱ्यावर पाच मिनिटं उभं राहिलात तर तुरीवर चार-पाच तऱ्हेच्या माश्या दिसतील. त्या सगळ्यांना 'मधमाशी' म्हणून आपण मोकळे होतो. यंदा फवारणीआधी त्यातली मादी कोणती, तेवढं बघून घ्या.

आग्या, सातेरी किंवा फुलोरीच्या पोळ्यात कामकरी माद्यांची फौज असते. त्यातल्या दहा-वीस मेल्या तरी पोळं चालतं. पानं कापणारी माशी, मोठा काळा भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी यांचं तसं नाही. त्या बहुतेक एकट्याच संसार करतात. मादी एकटी घर करते, पराग आणून साठवते, त्यावर अंडं घालते आणि कप्पा बंद करते. ती मेली की तिचं उरलेलं घर तिथंच थांबतं. नर मात्र मध पितो, माद्यांमागे फिरतो, घराला हात लावत नाही.

म्हणून पहिली खूण परागाची. पिल्लांसाठी पराग गोळा करते ती मादीच, आणि तो धरायला तिच्या अंगावर खास जागा असते. सातेरी, आग्या, फुलोरी, पेटीत पाळतात ती परदेशी मेलिफेरा आणि इवलीशी पोयाची माशी यांच्या कामकरी माद्यांच्या मागच्या पायावर गुळगुळीत, खोलगट टोपली असते. तिच्यात पराग मधाने कालवून गोळी करून बसवलेला दिसतो. भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी आणि बांधाच्या मातीत बिळं करणाऱ्या लहान माश्या यांच्या मागच्या पायावर दाट केस असतात. त्यात पराग कोरडाच अडकतो, पाय पिठात बुडवल्यासारखे दिसतात.

तुरीवर सगळ्यात कामाची मला वाटते ती पानं कापणारी माशी, आणि तिची खूण इतर सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. तिच्या पायांवर काही शोधू नका, पोट बघा. पोटाच्या खालच्या बाजूला केसांचा दाट ब्रश असतो, कुठे पांढरा, कुठे तांबूस, कुठे काळा. पराग त्यात भरतो आणि पोट खालून पिवळंजर्द होतं. फुलावर बसताना ती शेपटीकडचा भाग उचलून धरते, त्यामुळे वाकून खालून पाहिलं की ब्रश सहज दिसतो. जबडा रुंद आणि दणकट. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कातरीने कापावेत तसे गोल तुकडे गेलेले दिसले तर ते हिचंच काम. त्यावर औषध मारू नका, तो रोग नाही, झाडाचं काही बिघडत नाही. तिच्या नराच्या पोटाला ब्रश नसतो. अनेक जातींत त्याच्या तोंडावर फिक्या केसांची झुपकेदार मिशी असते.

तुरीचं फूल दुमडलेलं असतं, पुंकेसर खालच्या होडीसारख्या पाकळीत झाकलेले. चांगल्या वजनाची माशी बसली की होडी खाली दबते आणि पराग तिच्या पोटाला लागतो. तूर स्वतःच्या परागावरही शेंग धरते, त्यामुळे माशी नाही तर शेंग नाही असं मी म्हणणार नाही. पण घरचं बियाणं राखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, शेजारच्या वाणाचा पराग तुमच्या तुरीत आणणाऱ्याही ह्याच माद्या.

भुंग्याच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. आपल्याकडच्या एका भुंग्याची मादी काळीभोर, पण छातीवर पिवळी मखमल पांघरल्यासारखी. त्याच जातीचा नर अंगभर हिरवट-पिवळा. दोन वेगळे किडे म्हणून आम्हीही कित्येक वर्षं बघत होतो. तोंडासमोर घुंघुं करत हवेत थबकणारा, माणसाला घाबरवणारा बहुधा नर असतो आणि त्याला नांगीच नसते. नांगी म्हणजे मूळचा अंडी घालण्याचा अवयव, म्हणून ती कोणत्याही माशीत मादीलाच असते. भुंग्याची मादी चावू शकते, पण हातात दाबल्याशिवाय सहसा चावत नाही. गोठ्याच्या वाशाला किंवा सुक्या बांबूला बोटभर गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर आत मादी आहे.

वांगी-टोमॅटो असणाऱ्यांनी निळ्या पट्ट्यांची माशी ओळखावी. ही फुलाला घट्ट धरून अंग थरथरवते, तेव्हा पराग झडतो. सातेरी-मेलिफेराला हे जमत नाही, म्हणून या पिकांत मधमाश्यांची पेटी ठेवून फारसा उपयोग होत नाही. पोटावरचे निळे पट्टे मोजा: मादीला साधारण चार, नराला पाच.

तरी शंका राहिली तर माशी पारदर्शक बाटलीत धरा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दहा मिनिटं ठेवा (बर्फाच्या कप्प्यात नको), आणि सुस्त झाली की भिंगाखाली डोक्यावरच्या दोन लांब मिशांची (स्पर्शिकांची) पेरं मोजा. मादीच्या मिशीला १२ पेरं, नराच्या १३. पोटाचे कडे वरून मोजले तर मादीचे ६, नराचे ७. उन्हात ठेवली की मिनिटभरात उडून जाते.

आता अपवाद, नाहीतर गफलत होईल. काही माद्यांच्या अंगावर परागाची जागाच नसते, कारण त्या कोकिळेसारख्या दुसऱ्याच्या घरात अंडी घालतात. पानं कापणारीच्या घराभोवती टोकदार, सुळक्यासारख्या पोटाची काळी माशी घुटमळताना दिसली तर ती तशी. निळ्या पट्ट्यांच्या माशीच्या बिळाजवळ काळ्या अंगावर आकाशी ठिपके असलेली दिसते, तीही त्यातलीच. दुसरं, नराच्या अंगावरही पराग उडालेला असतो. पण तो सांडलेल्या हळदीसारखा विखुरलेला, एका जागी भरलेला नसतो. आणि दोनच पंख, आखूड मिशा, डोकंभर डोळे असतील तर ती माशी मधमाशीच्या कुळातली नाहीच, ती फुलमाशी.

पेट्या भाड्याने आणणाऱ्यांनी सकाळी पेटीच्या दाराशी बसावं. पायाला परागाच्या गोळ्या लावून माद्या आत येत असतील तर आत पिल्लं वाढतायत, म्हणजे राणी अंडी घालतेय. गोळ्या नाहीत आणि जाड, बोथट शेपटीचे, डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले नरच जास्त दिसतायत, तर पैसे देण्याआधी पेटी उघडून मागा. सातेरीत नरांच्या बंद घरांच्या झाकणावर मधोमध बारीक भोक असतं, त्यावरून ती लगेच कळतात.

फवारणीचं म्हणाल तर आधी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादी पतंगाच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. एका सापळ्यात रोज ८ ते १० पतंग सलग दोन-तीन दिवस आले तरच पुढे जा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क, अळी लहान असताना एचएनपीव्ही, म्हणजे या अळीला रोग लावणारा विषाणू. हा विषाणू उन्हाने निकामी होतो, म्हणून तो संध्याकाळीच मारायचा असतो, आणि माद्यांसाठीही वेळ तीच बरी. सूर्य कलला की एकांड्या माद्या बिळात, नळीत शिरतात. नर मात्र गवताच्या काडीला जबड्याने धरून रात्रभर लटकतात; बांधावरच्या सुक्या काडीला अशी दहा-वीस जणांची माळ दिसली तर ते बहुतेक नर समजा; दुसऱ्याच्या घरात अंडी घालणाऱ्या माद्याही अशाच लटकतात. सकाळी दहा ते तीन पंप अजिबात नको. रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर ते उलट्या वाऱ्याने बांधावर जाणार नाही हे बघा, बिळं तिथेच आहेत.

तुराट्या आणि बांधावरची घाणेरी पेटवण्याची घाई करू नका. मोडक्या, गराच्या काड्यांत छोट्या काळसर-हिरव्या माश्यांची घरं असतात. मी स्वतः दोन वर्षं सगळं साफ जाळत आलो, मग एक काडी चिरून पाहिली तेव्हा आत रांगेने पिल्लं निघाली.

पानं कापणारीसाठी बांबूच्या नळ्या बांधायच्या असतील तर भोक ६ ते १० मिलिमीटर, मागचं पेर बंद, तोंड पूर्वेला, वरून पावसाचा आडोसा. लांबी १५ सेंटिमीटर तरी हवी. मादी आधी आतल्या टोकाला माद्यांची अंडी घालते आणि तोंडाकडे नरांची. नळी आखूड दिलीत तर नरच जास्त निघतील. तोंड पानाच्या गोल चकत्यांनी बंद झालेलं दिसलं की ती नळी भरली, तिला हलवू नका.