साइड-बाय-साइडचा क्लच तपासताना आणि बदलताना: कोल्हापुरातील एका मेकॅनिकचा अनुभव

शेजारी-शेजारी आसने, मागे सामानाचा लहान हौदा आणि चारही चाकांना ताकद, अशा साइड-बाय-साइड गाड्या कोल्हापूर जिल्ह्यात मोजक्याच आहेत. माझ्याकडे कामाला आलेल्या गाड्या पन्हाळा, गगनबावडा आणि आंबा या बाजूंच्या रिसॉर्टमधल्या किंवा मोठ्या शेतांवरच्या होत्या. त्यांतील बहुतेकींना रस्त्यावर चालवण्याची परवानगी नसल्यामुळे त्या टेम्पोत घालून आणाव्या लागतात, आणि त्यांचा ठरावीक मिस्त्री जवळपास नसल्यामुळे ‘गाडी ओढत नाही’ एवढ्या तक्रारीवर त्या स्कूटरच्या किंवा ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये येऊन उभ्या राहतात. आयटीआयमधून ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा कोर्स करून गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या मुलांना हे काम करता यावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. क्लच काढून नवा बसवणे हे या कामातले सोपे अंग आहे. जुना क्लच कशामुळे गेला हे त्याच्या झिजेवरून ओळखणे अवघड आहे, आणि ते न ओळखता बसवलेला महागडा नवा क्लच त्याच वाटेने जातो.

ज्याने स्कूटरचा व्हेरिएटर खोलला आहे, त्याला अर्धे काम आधीच येते. भारतात १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने बिनगिअरची स्कूटर घरोघरी नेली, आणि तिच्यातील दोन पुल्या व मधला पट्टा हेच तत्त्व या गाड्यांतही आहे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर बसतो तो प्रायमरी क्लच आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो तो सेकंडरी. इंजिनाचे फेरे वाढले की प्रायमरीतील वजने बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन्ही तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. फरक मात्र नीट लक्षात ठेवावा लागतो. स्कूटरमध्ये मागच्या बाजूला शू आणि घंटा असलेला वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो. पोलारिस कंपनीच्या गाड्यांसारख्या बहुतेक साइड-बाय-साइडमध्ये तो नसतो. तिथे प्रायमरीच्या तबकड्या एकमेकींपासून दूर झाल्या की पट्टा सुटतो, म्हणजे पुली हीच क्लच असते. स्कूटरच्या सवयीने मागे शू शोधत बसलेले अनुभवी मिस्त्रीही मी पाहिले आहेत.

सगळ्या गाड्या एका घडणीच्या नसतात, हेही कामाला हात घालण्यापूर्वी पाहावे. यामाहाच्या पट्ट्याच्या गाड्यांत तेलात चालणारा वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो, होंडाच्या पायोनियर १००० मध्ये पट्टाच नसून दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो, आणि महिंद्राने अमेरिकेच्या बाजारासाठी काढलेल्या रॉक्सरच्या हाताने गिअर टाकायच्या मॉडेलमध्ये जीपसारखा पायाने दाबायचा क्लच असतो. यापुढचे सर्व विवेचन कोरड्या पट्ट्याच्या गाड्यांविषयी आहे.

झाकण खोलण्यापूर्वी गाडी चालवणाऱ्याला, म्हणजे मालकाला नव्हे तर रोज स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाला, चार प्रश्न शांतपणे विचारावेत. गाडी निघताना हिसका देते का, आयडलवर उभी असताना आपोआप पुढे सरकते का, गिअर टाकताना करकर होते का, आणि चढावर फेरे वाढूनही वेग वाढत नाही का? आपोआप सरकणे किंवा गिअर न पडणे याचा अर्थ पट्टा आयडललाही धरला जात आहे. त्याचे कारण कधी अडकलेली प्रायमरी असते, कधी चुकीच्या मापाचा पट्टा, तर कधी केवळ वाढवून ठेवलेले आयडल. शेवटच्या कारणासाठी क्लच खोलण्याची गरजच नसते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आणि बॅटरीची तार काढल्यावरच झाकणाला हात लावावा. झाकण काढून इंजिन चालवून पाहण्याचा मोह होतो, तो टाळावा. फिरता पट्टा तुटला तर त्याचे दोरे अंगावर येतात. आत साठलेली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये, तोंडाला मास्क लावून ओल्या कापडाने पुसावी. आपल्याकडे त्या काळ्या भुकटीत जांभ्याची तांबडी धूळही सापडते. ती सापडली, तर हवा ओढणाऱ्या नळीचा फिल्टर किंवा झाकणाचे पॅकिंग गेले आहे असे समजावे, कारण ती धूळ तबकड्यांवर पॉलिश पेपरसारखी काम करते.

त्यानंतर पट्टा हातात घेऊन उजेडात सावकाश फिरवावा, कारण त्याच्या झिजेतच कारण दिसते. पट्ट्याच्या दोन्ही बाजू सगळीकडे सारख्याच काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर तो सतत घसरत होता. भरलेला हौदा घेऊन हाय गिअरमध्ये चढ चढवण्याची सवय हे त्याचे नेहमीचे कारण आहे. एकाच जागी पट्टा खोलगट झाला असेल, तर गाडी चिखलात रुतलेली असताना किंवा ब्रेक दाबून ठेवून कोणीतरी अॅक्सिलरेटर दाबला आहे. पट्टा जागेवर उभा आणि पुली फिरत राहिल्यामुळे तेवढाच भाग जळतो, आणि पुढे गाडी निघताना ठोक्यासारखा धक्का बसत राहतो. कडेचे दोरे सुटले असतील, तर दोन्ही पुल्या एका रेषेत नाहीत, आणि अशा वेळी इंजिनाच्या खालचे रबर माउंट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पट्ट्याची रुंदी व्हर्नियरने मोजून ती त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावी; डोळ्यांचा अंदाज इथे चालत नाही.

प्रायमरी काढताना सर्वाधिक नुकसान होते. ती क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेली असते आणि मधला बोल्ट काढल्यावरही जागची हलत नाही. मागून टॉमी घालून उचकटली तर तबकडी वाकते, हातोडी मारली तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला मार बसतो. त्यासाठी त्या मॉडेलचा स्क्रूचा पुलरच लागतो. आपल्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काहीही बनवून मिळते ही कोल्हापूरची मोठी सोय आहे, परंतु साध्या माइल्ड स्टीलचा बनवलेला पुलर आत पिळवटतो किंवा त्याचे आटे क्लचच्या आट्यांत अडकून बसतात. बनवून घ्यायचाच असेल तर चांगल्या मिश्र पोलादाचा, हार्डनिंग करून आणि आट्यांचे माप मॅन्युअलवरून घेऊन बनवावा. पुलर आवळावा, थोडे थांबावे, पुन्हा आवळावे. एका क्षणी मोठा ‘खट’ असा आवाज होऊन क्लच सुटतो, म्हणून त्याला खालून हाताचा आधार देऊन ठेवावा.

सुटलेली प्रायमरी उघडण्यापूर्वी तिचे झाकण, मधला स्पायडर (हलत्या तबकडीच्या मनोऱ्यांमध्ये बसणारा, रोलर धरणारा भाग) आणि तबकडी या तिन्हींवर एका रेषेत मार्करने खूण करावी. कारखान्यात हा क्लच पूर्ण जुळवून बॅलन्स केलेला असतो, आणि भाग फिरवून बसवले तर इंजिनाला थरथर लागते. झाकणाखालची स्प्रिंग दाबलेली असते, त्यामुळे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल करावेत. एका बाजूचे सगळे आधी काढल्यास झाकण तोंडावर उडू शकते. आत पाहायचे ते रोलर सपाट झालेत का, वजनांच्या पाठीवर खड्डा पडला आहे का, पिनांचे बुश सैल आहेत का, आणि हलती तबकडी शाफ्टवर डुगडुगते का. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजावी. ती थकलेली असेल तर क्लच ठरलेल्या फेऱ्यांच्या आधीच धरतो. तबकडीच्या उतारावरून नख फिरवावे, आणि नख जिथे अडखळेल तिथे पट्ट्याने चर पाडला आहे असे धरावे.

सेकंडरीत अडचणी तुलनेने कमी असतात. तिच्यातील हेलिक्सवर, म्हणजे तिरक्या उताराच्या भागावर, घासणारी बटणे किंवा रोलर, स्प्रिंग आणि बुश एवढे पाहिले की बहुतेक काम होते. तिची स्प्रिंगही दाबलेली असते, हे मात्र विसरू नये.

पूर्ण क्लच बदलायचा की आतले भाग, हा प्रश्न मालक पहिल्याच दिवशी विचारतो, कारण सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात आणि वाट पाहावी लागते. माझे मत असे आहे की रोलर, वजने, बुश आणि स्प्रिंग गेले असतील तर तेवढे बदलून चांगला क्लच परत मिळतो. तबकडीला चर पडला असेल, स्पायडर घासत असलेले मनोरे झिजले असतील किंवा मधल्या निमुळत्या भोकावर ओरखडे असतील, तर नवा क्लच घ्यावा. अशा वेळी ‘लेथवर एक हात मारून चर काढू’ असे सांगणारे लोक आपल्याकडे खूप भेटतात. सिलिंडर ब्लॉक किंवा पंपाच्या भागासाठी तो सल्ला योग्य असेल, परंतु इथे तबकडीचा कोन आणि बॅलन्स दोन्ही बिघडतात, आणि हजारो फेऱ्यांनी फिरणारी ही वस्तू मांडीपासून वीतभर अंतरावर असते.

बसवताना क्रँकशाफ्टचे टोक आणि क्लचचे भोक ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडे करावे. तिथे ग्रीस किंवा तेल लावण्याची आपली जुनी सवय इथे घातक आहे. निमुळती बैठक कोरड्या पकडीवरच टिकते. तबकड्यांनाही बोटाचे तेल लागू देऊ नये. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळावा. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला ठेवावा, आणि वापरलेला पट्टा परत घालताना त्याची पूर्वीचीच दिशा राखावी. शेवटी दोन्ही पुल्यांची रेषा पट्टी लावून तपासावी, पॅकिंग नवे घालावे आणि हवेच्या नळ्यांचे क्लिप ओढून पाहावेत. गगनबावड्याच्या पावसात चालणाऱ्या गाडीच्या झाकणाखालचे पाणी काढण्याचे बूच कुठे आहे, ते चालवणाऱ्याला हाताने दाखवावे. पट्टा भिजला तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, थोडी रेस देऊन तो वाळवता येतो.

नवा पट्टा पहिले ५० किलोमीटर हलक्या हाताने, भार न भरता चालवायला सांगावा. त्याच वेळी, चढावर, चिखलात, ट्रॉली ओढताना आणि माणसाच्या चालीने जाताना लो गिअर वापरायचा, हे चालवणाऱ्याकडून समोर करून घ्यावे. जुने भाग पिशवीत घालून मालकाला परत द्यावेत आणि मीटरवरचे तास बिलावर लिहावेत, कारण पुढच्या वेळी पट्टा किती तासांनी गेला हे त्या आकड्यावरूनच कळते.