झेरमॅटला हॉटेलात राहून चालायला जाताय? मग हे बघा

स्वित्झर्लंडमधलं झेरमॅट गावच १,६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी ३,०८९ मीटरवरच्या गोर्नरग्राट या डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनला पळू नका, गावाजवळच फिरा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ट्रेनने वर जा आणि उतरताना रोटेनबोडेन ते रिफेलबर्ग या दोन स्टेशनांमधलं अंतर पायी या, वाटेत रिफेलझे तळ्यात मॅटरहॉर्न शिखराचं प्रतिबिंब दिसतं, पण वारा सुटायच्या आत पोचलात तरच, आणि ते खरंच चुकवू नका! वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेल्या चालायच्या वेळेत थांबे धरलेले नसतात हां, फोटो, खाणं धरून दीडपट वेळ ठेवा. लाल-पांढऱ्या खुणांच्या वाटेला चांगले ग्रिपवाले बूट हवेतच, निळ्या-पांढऱ्या दिसल्या तर मागे फिरा, ती अवघड अल्पाइन वाट. उन्हाळ्यात दुपारनंतर विजा होतात, तोवर खाली आलेलं बरं, आणि परतीच्या शेवटच्या ट्रेनची वेळ सकाळीच बघून ठेवा.