गाडीचा डॅशबोर्ड कसा वाचावा

डॅशबोर्ड समजून घेण्यासाठी योग्य वेळ म्हणजे गाडी उभी असतानाची. धावत्या गाडीत अनोळखी दिवा पेटल्यावर त्याचा अर्थ शोधू लागणे धोक्याचे असते आणि तेव्हा घाईत काढलेला अर्थ बहुधा चुकतो. म्हणून एकदा सवडीने गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि गाडीसोबत मिळालेले मॅन्युअल मांडीवर घेऊन बसावे.

प्रथम इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन, म्हणजे गाडीचा विजेचा पुरवठा, चालू करावे. बटणाच्या गाडीत त्यासाठी पाय पेडलवर न ठेवता बटण दाबावे लागते. अशा वेळी डॅशबोर्डवरील बहुतेक दिवे एकदम पेटतात. तो बिघाड नसून गाडीने स्वतःची केलेली तपासणी असते. एअरबॅग आणि एबीएसचे (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) दिवे काही सेकंदांत आपोआप विझतात, तर इंजिन ऑइल आणि बॅटरीचे दिवे इंजिन सुरू झाल्यावरच जातात. या वेळी पेटलेले दिवे पाहावेत, पण न पेटलेल्या दिव्यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण जो दिवा तपासणीच्या वेळीच पेटत नाही तो खऱ्या संकटातही पेटणार नाही. वापरलेली गाडी विकत घेताना तर ही तपासणी चुकवूच नये, कारण एअरबॅगमधील दोष लपवण्यासाठी त्याचा दिवाच बंद करून ठेवण्याची लबाडी होऊ शकते.

दुसरी पायरी रंगांची. लाल दिवा दिसल्यास सुरक्षित जागा पाहून लवकरात लवकर थांबावे, पिवळा किंवा नारिंगी दिसल्यास गाडी चालवता येते पण तपासणी लांबवू नये, आणि हिरवा किंवा निळा केवळ एखादी गोष्ट चालू असल्याचे सांगतो. निळा दिवा हेडलाइटच्या लांब झोताचा असतो. समोरून वाहन येत असताना तो विझलेला असावा, ही अपेक्षा अनेक चालक विसरतात.

लाल दिव्यांपैकी चार नीट ओळखता आलेच पाहिजेत. टोकाशी थेंब असलेल्या झारीचे चिन्ह इंजिन ऑइलचा दाब कमी झाल्याचे सांगते. हा दिवा पेटलेला असताना ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून गाडी पुढे नेणे इंजिनाच्या मुळावर येऊ शकते, कारण दाब गेला की फिरणाऱ्या धातूच्या भागांमधील तेलाचा थर नाहीसा होतो. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करावे, काही मिनिटांनी ऑइलची पातळी पाहावी, आणि पातळी योग्य असूनही दिवा पेटत असेल तर गाडी ओढूनच न्यावी. बॅटरीच्या चिन्हाचा अर्थ मात्र बॅटरी खराब झाली असाच होत नाही. बहुतेक वेळा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) किंवा त्याचा पट्टा काम करत नसल्याने चार्जिंग थांबलेले असते. काही गाड्यांत तोच पट्टा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पंप फिरवतो, म्हणून या दिव्यासोबत तापमानाचा काटाही चढू लागला तर पट्टा तुटला असण्याची शंका घ्यावी. पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरचे चिन्ह इंजिन तापल्याचे सांगते. बहुतेक इंजिने ९० अंश सेल्सिअसच्या आसपास चालतात आणि अनेक नव्या गाड्यांत थोड्या चढउताराने काटा हलू नये अशी योजना केलेली असते. त्यामुळे मध्यावरचा काटा वर सरकलाच, तर ती बाब गंभीर असते. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आतले कूलंट दाबाखाली असल्याने उसळून भाजते. वर्तुळातील उद्गारचिन्ह ब्रेकचे असते. हँडब्रेक पूर्ण सोडल्यावरही ते राहिले तर ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते आणि गाडी पुढे नेणे योग्य नाही.

पिवळ्या दिव्यांत इंजिनाच्या आकाराचा दिवा सर्वाधिक गोंधळात टाकतो. तो स्थिर पेटला तर कारण इंधनाच्या टाकीचे सैल झाकण इतके साधे असू शकते किंवा एखादा सेन्सर बिघडलेला असू शकतो. नेमका दोष गाडीच्या संगणकात सांकेतिक क्रमांकाने नोंदवला जातो आणि स्टीअरिंगखालच्या जोडणीला यंत्र लावून वाचता येतो. तोच दिवा लुकलुकू लागला तर सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही असे समजावे. न जळलेले इंधन एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) तापवून निकामी करते, म्हणून वेग कमी करून लवकर थांबावे. लुकलुकण्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी मात्र सारखा नसतो. घसरत्या गाडीचे चिन्ह असलेला दिवा लुकलुकतो तेव्हा गाडी घसरू न देणारी यंत्रणा चाकांना सावरत असते, आणि टायरच्या हवेचा दिवा इग्निशननंतर मिनिटभर लुकलुकून स्थिर झाला तर हवेपेक्षा सेन्सरमध्येच दोष असण्याची शक्यता अधिक.

आता आकडे. येथे मोजलेले आणि अंदाज केलेले यांत फरक करावा. ‘उरलेले अंतर’ हा निव्वळ अंदाज असून तो टाकीतील इंधन आणि अलीकडच्या सरासरीवरून काढलेला असतो, म्हणून घाट चढताना तो झपाट्याने घटतो आणि उतारावर चक्क वाढतोही. वेगाचा काटाही मुद्दाम किंचित पुढे ठेवलेला असतो: संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त मात्र खऱ्या वेगाचे दहा टक्के आणि त्यावर ताशी ४ किलोमीटर इथपर्यंत दाखवू शकतो. मोबाइलवरील जीपीएस कमी वेग दाखवतो त्याचे कारण बहुधा हेच. इंधनाच्या काट्याजवळील पंपाच्या चिन्हाशेजारचा छोटा त्रिकोण टाकीचे झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे ते सांगतो. भाड्याच्या गाडीत तो फार उपयोगी पडतो.

सरासरी मायलेजचा आकडा तपासायचा असेल तर टाकी भरताना पंपाचा नळ पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबावे आणि ट्रिप मीटर (शून्य केल्यापासूनचे अंतर मोजणारा आकडा) बटण दाबून धरून शून्य करावा. पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरावे आणि मीटरवरील अंतराला भरलेल्या लिटरांनी भागावे. ४२० किलोमीटरना २८ लिटर लागले तर खरी सरासरी १५ येते. डॅशबोर्ड १६ दाखवत असेल तर तो सुमारे सात टक्के उदार आहे. काही गाड्या हाच आकडा शंभर किलोमीटरना लागलेल्या लिटरांत देतात. तेव्हा १०० ला त्या आकड्याने भागावे, म्हणजे ६.७ चे पुन्हा जवळपास १५ होतात. एकाच वेळच्या हिशेबावर मात्र विसंबू नये. तीन-चार टाक्यांची सरासरी घेतल्यावर आपल्या गाडीचा डॅशबोर्ड नेहमी किती पुढे धावतो ते कळते.