मेमसेट इनलाइन करायला बसण्याआधी

मेमसेट (मेमरी एकाच बाइटने भरणं), मेमकॉपी (नक्कल), मेममूव्ह (एकमेकांवर येणाऱ्या जागांतही चालणारी नक्कल) आणि मेमकम्प (तुलना) ही सी लायब्ररीतली फंक्शन. त्यांचा कॉल काढून जागीच थेट सूचना घालणं म्हणजे इनलाइन करणं. गेल्या वेळी आमच्या छोट्या कंपायलरच्या बॅकएंडमध्ये (मशीन कोड काढणाऱ्या भागात) हे काम केलं आणि दोन दिवस भलतीकडेच बग शोधत बसलो. आता नव्या टार्गेटसाठी, म्हणजे नव्या प्रोसेसरसाठी, पुन्हा तेच करायचंय, म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

लांबी कंपाइल होतानाच माहीत हवी, हे सांगायला नको. लांबी शून्य असेल तर कॉल उडवा. व्होलाटाइलला (जिथलं प्रत्येक वाचन-लेखन जसंच्या तसं व्हायला हवं अशा मेमरीला) हात लावू नका. किती स्टोअरपर्यंत (मेमरीत लिहिण्याच्या सूचनांपर्यंत) इनलाइन करायचं ते ठरवा. एक्स८६ प्रोसेसरवर एलएलव्हीएम (क्लँगसारखे कंपायलर ज्यावर उभे आहेत ते) मेमकॉपीला ८ आणि मेमसेटला १६ धरतं, कोड लहान हवा असेल तर निम्मे.

आता मेमसेट. भरायची किंमत इंट (अनेक बाइटांचा पूर्णांक) म्हणून येते, पण त्यातला खालचा एकच बाइट वापरायचा असतो. तो बाइट चार ठिकाणी पसरवायला १६८४३००९ ने गुणायचं, पण त्याआधी वरचे बिट पुसा. मी पुसले नव्हते. शून्य भरलं, चाललं. 'अमुक अक्षर' भरलं, चाललं. कोणीतरी व्हेरिएबलमधून उणे एक पाठवला आणि मेमरीत २५५, २५५, २५५, २५५ऐवजी २५५, २५४, २५४, २५४ पडले. थेट उणे एक लिहिला की बरोबर यायचं, कारण कॉन्स्टंटचा रस्ता वेगळा होता. म्हणून टेस्ट सगळ्या हिरव्या! आधी पुसा, मग गुणा.

मेमकॉपीत १५ बाइट आले तर ८, ४, २, १ असे तुकडे पाडत बसू नका. आठ-आठचे दोन घ्या, दुसरा ऑफसेट ७ पासून (शून्यापासून मोजून). मधला एक बाइट दोनदा लिहिला गेला तर बिघडत नाही. मात्र टार्गेटला अनअलाइन्ड ॲक्सेस (आठच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून आठ बाइट वाचणं-लिहिणं) चालतो का ते आधी बघा, नाहीतर ट्रॅप, म्हणजे प्रोसेसर प्रोग्राम तिथेच थांबवेल.

मेममूव्हला सगळे लोड (मेमरीतून वाचणं) आधी, स्टोअर नंतर. एकाआड एक केलेत तर स्वतःचाच डेटा खाल.

मेमकम्पला नुसती समानता हवी असेल तर सोपं. लहान-मोठं हवं असेल तर लिटल एंडियनवर (जिथे संख्येचा खालचा बाइट मेमरीत आधी येतो) बाइट उलटवा. बाकी तिघांची परतीची किंमत, म्हणजे डेस्टिनेशन पॉइंटर, विसरू नका.

लायब्ररीतला मेमसेट स्वतः कंपाइल करताना लूपच्या जागी असे कॉल घालणं बंद. नाहीतर त्यातला लूप ओळखून कंपायलर मेमसेटलाच कॉल करू शकतो, आणि मग स्टॅक संपेपर्यंत बसा.

बाकी नेहमीचं. आणि टेस्टमध्ये उणे एक. व्हेरिएबलमधून.